आमचा समुद्रकाठचा फोटो

समुद्र म्हटला की आमच्या घराला आजवर एकच समुद्र ठाऊक होता, दादरच्या चैत्यभूमीमागचा. दरवर्षी ६ डिसेंबरला पहाटे निघायचे, रांगेत उभे राहायचे, परमपूज्य बाबासाहेबांच्या स्मृतीला अभिवादन करायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके बघायची, नव्या वर्षाचे कॅलेंडर घ्यायचे आणि परतताना दोन मिनिटे वाळूत थांबून पाण्याकडे बघायचे. त्या पाण्यापुढे आमच्यापैकी कुणी कधी हसले नाही, की पाय भिजवले नाहीत. समुद्रावर मौजेसाठीही जातात हे आम्हाला माहीत होते, पण ती मौज दुसऱ्यांची होती.

म्हणून २०२३ च्या नाताळच्या सुटीत मुलाने दापोलीजवळच्या मुरुडला चार दिवस जायचे ठरवले, तेव्हा आई म्हणाली, "समुद्रावर आता कशाला? सहा तारखेला तर जाऊन आलो की!"

आईने ऐंशी गाठलेली. आम्ही उभयता साठी ओलांडलेले. मुलगा, सूनबाई आणि सातवीत शिकणारी नात. अशी सहा माणसे आणि भाड्याची एक गाडी. या सहलीला निमित्त घडले ते एका कार्डाचे.

नातीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने आदल्या वर्षी तिला नववर्षाचे कार्ड दिले होते. त्यावर त्या मैत्रिणीचे सगळे कुटुंब समुद्राच्या काठी, एकाच रंगाचे शर्ट घालून उभे होते. नातीने ते कार्ड वर्षभर जपून ठेवले. ती विचारायची, "आपलं असं कार्ड का नसतं?" आम्ही सांगितले, आपणही कार्डे पाठवायचो. १४ एप्रिलला पाठवायचो, अशोक विजयादशमीला पाठवायचो. विहाराबाहेरच्या दुकानातून दहा-बारा कार्डे आणायची, मागे चार ओळी लिहायच्या आणि गावाकडे पोस्टाने धाडायची. त्यावर भगवान बुद्धांचे नाहीतर बाबासाहेबांचे चित्र असायचे. नात म्हणाली, "पण त्यावर आपण कुठे असायचो?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. कार्डावर आपलाही चेहरा छापता येतो, हे आमच्या मनात कधी आलेच नव्हते.

तेव्हा ठरले, यंदा समुद्रावर फोटो काढायचा आणि त्याचे कार्ड छापायचे. मोबाईलवरून फोटो पाठवला तर दोन दिवसांत तो खाली जातो. हातात आलेले कार्ड मात्र भिंतीला लागते.

आम्ही २५ डिसेंबरला पहाटे कल्याणहून निघालो. ही तारीख आमच्या लोकांना वेगळी सांगायला नको. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. महाड वाटेवरच असल्याने न थांबता पुढे जाणे शक्यच नव्हते. तळ्याकाठी गावोगावचे लोक आले होते. बायका घरून आणलेल्या भाकऱ्या सोडून बसल्या होत्या, कुणी घोषणा देत होते. मुलगा फोटो काढू लागला तर आई म्हणाली, "जरा थांब. आधी मला बघू दे."

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग नातीला तिने एक गोष्ट सांगितली, ती आम्हीही पूर्वी ऐकली नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी, ती आठ-नऊ वर्षांची असताना, आमच्या बायका विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. पाण्याला आलेल्या कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहायचे. नातीने हिशेब केला. ही गोष्ट १९५१-५२ ची, म्हणजे महाडच्या सत्याग्रहानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनीची. तेव्हा तर राज्यघटनाही लागू झाली होती! नात गप्प झाली. पुस्तकातला धडा आणि घरातली म्हातारी यांची गाठ तिच्या मनात त्या दिवशी पडली असावी.

पुढे पोलादपूर, खेड करत दापोलीला पोहोचलो. दापोलीशी आपला संबंध जुना आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ इथेच राहिले होते. माता रमाईंचे माहेर वणंद हे याच तालुक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रथम वणंदला गेलो, रमाईंच्या स्मारकापुढे त्रिशरण-पंचशील म्हटले. ७ फेब्रुवारी १८९८ रोजी जन्मलेल्या रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहून पोट भरत, हे आपण चरित्रात वाचलेले असते. पण वाचणे वेगळे आणि बघणे वेगळे. त्याच संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायला गेलो. होड्या लागलेल्या, गुडघाभर पाण्यातून टोपल्या काठावर येताहेत, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईच्या मानेवरून, गालावरून खारे पाणी ओघळते आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. सगळे पर्यटक किल्ल्याचे फोटो काढत होते. आई टोपल्यांकडे बघत होती. एवढेच म्हणाली, "रमाईच्या बापाची मान अशीच भिजत आसंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्डाचा फोटो. आदल्या संध्याकाळी एक प्रयत्न फसला होता. आपल्या या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो. संध्याकाळी समुद्र पाठीशी घेऊन उभे राहिले की सूर्यही पाठीशी येतो आणि माणसांचे नुसते काळे ठसे उमटतात. शहाळी विकणारा पोरगा हसून म्हणाला, "काका, सकाळी या. ऊन गावाकडून येतं, तोंडं साफ दिसतात." त्याचे खरे होते. सकाळी आठच्या सुमारास कोवळे ऊन नारळांच्या वरून थेट आमच्या तोंडावर पडले आणि मागचा समुद्र निळा दिसू लागला.

कपड्यांवरून आधी वाद झालाच. नातीला सगळ्यांचे एका रंगाचे हवे होते. सूनबाई म्हणाली निळे घालू. आईने मात्र आपले निळ्या काठाचे पांढरे लुगडे काढले. वंदनेला, जयंतीला ती तेच नेसते. शेवटी ज्याने त्याने आपापले चांगले कपडे घातले. मग उभे कसे राहायचे? नात उड्या मारतानाचा फोटो काढू म्हणाली, पण ऐंशीच्या आजीने उडी कशी मारायची! तेव्हा आम्हाला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एक फोटो आठवला. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि घरचा टॉबी कुत्रासुद्धा. सगळे घर एका चौकटीत. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. तो फोटो काढायचा त्या दिवशी राहिला असता तर? आम्ही नातीला म्हटले, त्या फोटोत कुणीही उडी मारलेली नाही, तरी नव्वद वर्षे तो घराघरात आहे.

आईला प्लास्टिकच्या खुर्चीत मध्ये बसवले, बाकीचे भोवती उभे राहिलो. मोबाईल शहाळेवाल्या पोराच्या हाती दिला, म्हणजे घरातले कुणी सुटू नये. इतक्यात किनाऱ्यावरचा एक तांबडा कुत्रा आला आणि निवांत आईच्या पायाशी बसला. हाकलला तरी उठेना. नात ओरडली, "टॉबी आला!" सगळे हसले आणि नेमका त्याच क्षणी पोराने फोटो घेतला. समुद्रापुढे हसलेले आमचे घर पहिल्यांदाच टिपले गेले.

फोटो झाल्यावर आई उठली आणि काठी टेकत पाण्यात गेली. लाट घोट्यापर्यंत आली. लुगडे वर धरून ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "एवढं पाणी, आन कुणी इचारत न्हाई कुणाची म्हणून."

आता खरी गोष्ट सांगायची ती पुढेच आहे.

दुपारी नातीने मोबाईलमध्ये फोटो 'सुधारून' आणला. हल्ली त्यात सोय असते, एक बटण दाबले की चेहरा उजळ होतो, सुरकुत्या जातात. आम्ही सगळे गव्हाळ-गोरे झालो होतो. आईच्या कपाळावरचे गोंदणही पुसले गेले होते. नातीने मोठ्या कौतुकाने मोबाईल आईपुढे धरला. आईने तो लांब धरला, जवळ धरला आणि विचारले, "ही बाई कोण?"

"मोठी आजी, तूच आहेस!"

आई म्हणाली, "तुझ्या पणजोबांचं एकदा असंच केलं. आता माझं करू नका."

यामागची हकिगत अशी. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात काम गेले आणि १९८४ साली वडीलही गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढला नव्हता, पुढे कधी सुचले नाही. गिरणीच्या पासावर अंगठ्याएवढा एक फोटो होता, तो आम्ही स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने आपल्या हाताने त्यावर काम केले. अंगात कोट चढवला, गळ्यात टाय बांधला आणि चेहरा गोरापान केला. चाळीस वर्षे तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. आम्हाला तो आवडायचा, लोकही छान आहे म्हणायचे. चाळीस वर्षे आई त्याला रोज फुले वाहते, पण तिच्या मनात काय होते ते तिने त्या दिवशी, समुद्रकाठच्या ओसरीवर सांगितले.

"कोटाचं मला काय वाटलं न्हाई. कोट घालायला बाबासाहेबांनी शिकवलं, तो असू दे. पण रंग त्यांचा न्हाई. सकाळी फूल वाहताना मी डोळे मिटते, म्हंजी माझा माणूस दिसतो. उघड्या डोळ्यांनी तो दिसत न्हाई."

आम्ही सगळे स्तब्ध झालो. वडिलांना शोभा यावी म्हणून आम्ही केले होते. त्या शोभेने आईचा नवरा तिच्यापासून नेला, हे चाळीस वर्षांत आम्हाला कळले नाही. नातीने काही न बोलता बटण दाबले आणि सगळे पुन्हा आपापल्या रंगाचे झाले. गोंदणही परत आले.

रात्री जेवणानंतर कार्डाचा मजकूर ठरवायला बसलो. आम्ही म्हटले, "नववर्षाच्या मंगल कामना, जयभीम, नमो बुद्धाय." १ जानेवारी आपल्याला नुसता कॅलेंडर बदलण्याचा दिवस नाही, १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचाही तो दिवस आहे. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, दोन तऱ्हेची छापू. नातेवाइकांना जयभीमचं. आणि ऑफिसात, सोसायटीत द्यायला नुसतं शुभेच्छांचं."

आम्हाला राग आला. एवढ्यात कालच महाडला जाऊन आलो, वणंदला डोके टेकवून आलो, आणि आता नाव लपवायचे? आम्ही बरेच बोललो. मुलाने सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "मला लाज वाटत नाही. पण ऑफिसात मला रोज बसायचंय. आडनावावरून लोकांना कळत नाही, म्हणून ते माझ्यासमोर आपल्या लोकांबद्दल काय बोलतात ते मी ऐकतो. उद्या कळलं तर समोर बोलणार नाहीत, मागे करतील. आणि पप्पा, लपवायला मी बाहेर शिकलो नाही. आपल्या कपाटाचं दार आठवतंय ना?"

आठवत होते. १९८८ साली आम्ही कल्याणला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. करार अकरा महिन्यांचा. घरमालक भाडे घ्यायला दर महिन्याला दारात यायचा. बाबासाहेबांचा फोटो आम्ही लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लावला होता. दार उघडले की दर्शन घडायचे, बंद केले की काही दिसत नसे. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. घरमालकाची चाहूल लागली की तोच पळत जाऊन कपाट लावायचा. आम्ही त्याला तसे कधी सांगितले नव्हते. पाच वर्षांच्या पोराने आमचे तोंड बघून ते ओळखले होते. पुढे स्वतःचे घर झाले आणि फोटो दर्शनी भिंतीवर आला. आम्हाला वाटले, कपाट विसरले गेले. मुलगा विसरला नव्हता.

आमच्यापाशी बोलायला काही उरले नाही. ज्या भीतीने आम्ही कपाट लावले, त्याच भीतीने तो दुसरे कार्ड मागत होता. त्याला भित्रा कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आई तांदूळ निवडावेत तशी वाळूतल्या शिंपल्या निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दोन कशाला? एकात मी हाय आन दुसऱ्यात दुसरी कोण बाई, असं हाय का?"

त्यावर कुणी बोलले नाही. सगळे झोपायला गेलो.

सकाळी निघताना मुलाने वहीतला एक कागद आमच्या हातात ठेवला. त्यावर एकच मजकूर होता: "नववर्षाच्या मंगल कामना. जयभीम. नमो बुद्धाय." खाली सहाही जणांची नावे आडनावासह, आईचे सर्वांत वर. येताना मंडणगड तालुक्यातले बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे बघून आलो आणि कल्याणला पोहोचल्यावर मुलाने स्वतः छापखान्यात कागद दिला. पन्नास कार्डे, एकाला अठरा रुपये पडले.

पुढे काय झाले तेही खरे खरे सांगितले पाहिजे. मुलाने दहा कार्डे ऑफिसात नेली. सात वाटली. काहींनी "छान फोटो" म्हटले. एकाने कार्ड वाचून उपडे ठेवले आणि त्या दिवसापासून डब्याला त्याच्या टेबलावर येत नाही. आणि आठ वर्षे शेजारच्या खुर्चीत बसणारा एकजण संध्याकाळी जिन्यात थांबून हळूच म्हणाला, "जयभीम, भाऊ. मीही." आठ वर्षे दोघे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते! उरलेली तीन कार्डे मुलाच्या बॅगेत आहेत. आम्ही विचारत नाही. वेळ येईल तेव्हा तो देईल. तिथे रोज त्याला बसायचे आहे, आम्हाला नाही.

नातीने आपल्या मैत्रिणीला कार्ड दिले. मैत्रिणीने सर्वांत आधी विचारले, "हा कुत्रा तुमचा का?" मग विचारले, "जयभीम म्हणजे काय?" नातीने मधल्या सुटीत तिला चवदार तळे सांगितले आणि पणजीची घागरही सांगितली.

आईने आपले कार्ड वडिलांच्या फोटोशेजारी उभे करून ठेवले आहे. एका बाजूला गोरापान कोटवाला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला गोंदण असलेली काळीसावळी म्हातारी, पायाशी कुत्रा, पाठीशी समुद्र. आम्ही तिला म्हटले, वडिलांच्या पासावरचा जुना फोटो अजून पेटीत आहे, तो रंग न देता मोठा करून आणू. ती म्हणाली, "आणा. पण हा बी काढू नका. कोट राहू दे."

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, सहलीला जायला सर्वांनाच जमते असे नाही, आणि फोटोसाठी समुद्रच लागतो असेही नाही. विहाराच्या पायरीवर, चाळीच्या गॅलरीत, शेताच्या बांधावर सकाळच्या उन्हात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मध्ये बसवा, सगळे भोवती उभे राहा आणि एक फोटो काढा. तो मोबाईलमध्येच ठेवू नका, छापून घ्या. मागे प्रत्येकाचे नाव, गाव आणि तारीख लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला विचारत बसावे लागणार नाही. चेहऱ्याचा रंग जसा आहे तसा राहू द्या. आणि मजकुरात जयभीम लिहिताना हात अडखळला, तर आपल्या घरातले कपाटाचे दार कोणते, ते एकदा आठवून बघा. आम्हाला ते पस्तीस वर्षांनी आठवले.